बारा व्होल्टांचं ऊन

दसरा उलटला की आमच्याकडचं ऊन कोरडं होतं. पावसाचा ओलावा जमिनीतून निघून गेलेला असतो, थंडी अजून यायची असते, आणि मधल्या त्या दिवसांत दुपार फार स्वच्छ तापते. घाटंजीच्या रस्त्यानं जाताना दोन्ही अंगांच्या वावरांत पऱ्हाटी उभी असते. पुस्तकातली कपाशी ती आमची पऱ्हाटी. बोंडं फुटायला लागलेली असतात, बाया कमरेला ओटी बांधून वेचणीला निघालेल्या असतात, आणि लोकांना दिवाळीचे वेध लागलेले असतात. मला मात्र या दिवसांत लाज वाटते. दरवर्षी, न चुकता. रविवारी यवतमाळहून अब्बांना भेटायला स्कूटीवर निघाले आणि एखाद्या वावरातून वेचणाऱ्यांचा गलका कानावर आला की कानशिलं तापतात. हेल्मेटच्या आत ते कुणाला दिसत नाही हे बरंच आहे.

परवा एका वावरात निळ्या सौरपाट्या दिसल्या. लोखंडी खांबावर तिरक्या बसवलेल्या, खाली पंप धो धो पाणी टाकत होता. त्या सिलिकॉनच्या. मी ज्या पदार्थामागे तरुणपण घालवलं त्याची पाटी अजून कुठल्याही वावरात लागलेली नाही. आपल्या हयातीत लागेल की नाही ते सांगवत नाही. मी स्कूटी थांबवून ते पाणी पाहत उभी राहिले. वावरातल्या माणसानं विचारलं, "पाणी पायजे का मॅडम?" मी नको म्हटलं आणि निघाले.

आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून गावोगाव फिरले, अब्बांनी घाटंजीत गाद्या-रजयांचं दुकान टाकून विजेवरचं पिंजणयंत्र बसवलं. घर दुकानाच्या मागेच. कापसाची भुकटी सगळीकडे: अब्बांच्या भुवयांवर, वाळत घातलेल्या ओढण्यांवर, दुधाच्या पातेल्यावर. आम्ही दूध पिताना आधी फुंकर मारायचो, ती सवय मला अजून आहे. बाहेर कुणाच्या घरी चहा समोर आला तरी मी फुंकते आणि लोकांना वाटतं चहा गरम आहे.

यंत्र चालायचं ते लाइनीच्या मर्जीनं. आमच्या भागात व्होल्टेज हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही येतो. लाइन आहे पण व्होल्टेज नाही, ही कायमची रड. दिवा लाल तारेएवढा पेटायचा, मोटर नुसती घुमायची, आणि अब्बा यंत्रावर हात ठेवून म्हणायचे, "आज दम नाही." व्होल्टेज म्हणजे दम, एवढं सगळ्यांना ठाऊक. करंट हा शब्द वेगळ्या कामाचा होता. तो कुणाला झटका बसला तरच तोंडी यायचा. ज्याच्याकडे व्होल्टेज त्याची मोटर चालणार, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि संशोधनही करत होते. पदार्थाचं नाव बिस्मथ फेराइट, जात फेरोइलेक्ट्रिक. या जातीचा स्वभाव मला पहिल्यापासून आवडला. आतले धन आणि ऋण भार आपोआप एका अंगाला कललेले असतात. बाहेरून विजेचा दाब देऊन त्यांना एका दिशेनं वळवलं की दाब काढल्यावरही ते तसेच राहतात. नेहमीच्या सौरपाटीत दोन वेगळे थर जोडून मध्ये सीमा तयार करावी लागते आणि ती सीमा उजेडानं सुटलेले भार वेगळे करते. इथं तशी सीमा लागत नाही, आतला कलच त्यांना दोन टोकांकडे ढकलतो. म्हणून सिलिकॉनची एक चकती अर्ध्या-पाऊण व्होल्टावर थांबते तिथं ही पातळ फिल्म कितीतरी वर चढू शकते. फक्त वाहतं फार थोडं, म्हणजे करंट जवळजवळ नाहीच. इतकं थोडं, की साधं मीटर जोडलं तर त्याच्या नुसत्या ओझ्यानं आकडा बसतो. मोजायला वेगळं, नाजूक मीटर लागतं. जगभर माणसं त्याच ठिकाणी अडलेली होती आणि मीही अडले होते.

काचेच्या तुकड्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा, तुकडा गरगर फिरवायचा, थेंब पसरला की भट्टीत भाजायचा. पुन्हा थेंब, पुन्हा भट्टी. भट्टीला सलग लाइन लागते, म्हणजे भारनियमनाच्या वेळा पाहून उन्हाची वीज करायची. आणि कापूस! फिल्मवर एक तंतू पडला की ती तिथंच फाटते. आमचे मार्गदर्शक सर सज्जन होते. एकदा फार संकोचून म्हणाले, "मॅडम, घरून येताना कपडे जरा झटकून येत जा." त्या दिवसापासून मी सोमवारी घाटंजीहून येताना यवतमाळच्या स्टँडवरच ओढणी झटकायची. आजूबाजूच्या बाया तोंडावर पदर घ्यायच्या.

ती वर्षं कापसाच्या पडत्या काळाची होती. बाहेर कुठं परिषदेला गेलं आणि जेवणाच्या टेबलावर गाव सांगितलं की समोरचा आवाज खाली आणायचा. "अच्छा, यवतमाळ." मग माझ्या ताटात कुणीतरी उगाच एक गुलाबजाम वाढायचं. माझ्या घरी सगळे धडधाकट होते, मी पगारदार होते, आणि ती कणव मी गुलाबजामाबरोबर गिळायची. दुसऱ्याच्या दुःखावर आपला मान वाढावा यासारखी ओशाळवाणी गोष्ट नाही. परत येताना बसमध्ये मी ठरवायची की पुढच्या वेळी गाव विचारलं तर अमरावती सांगायचं. ते कधी जमलं नाही.

जिल्ह्याला चांगली बातमी हवी होती, आणि ती माझ्यावर येऊन पडली. फिल्मवर चांदीच्या लेपाचे दोन पट्टे अगदी जवळजवळ ओढून मी उन्हात मोजलं, तर आकडा बारा व्होल्टांवर गेला. सरांनी पेढे आणले. एका स्थानिक पत्राचा बातमीदार आला. मी त्याला व्होल्ट सांगितले आणि वाहणं किती कमी आहे तेही सांगितलं. माझं वाक्य लांब होतं आणि त्याची जागा लहान. 'नखाएवढ्या काचेतून बारा व्होल्ट', एवढं मोठ्या अक्षरांत छापून आलं.

अब्बांनी कात्रण प्लास्टिकात घालून दुकानात, पिंजणयंत्राच्या वर लावलं. गिऱ्हाईक आलं की आधी ते वाचून घ्यायचं, मग गादीचं बोलायचं. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टांची असते, हे घाटंजीत कुणाला सांगावं लागत नाही.

"दोन हातांनी उचलत नाही ते बॅटरी," अब्बा समोरच्याला म्हणायचे. "तिचे बारा. अन् माझ्या पोरीची काच नखाएवढी, तिचेही बाराच. आता पाटभर काचा लावल्या तं काय होईन, तूच सांग."

समोरचा मान डोलवायचा. हिशेब कुणाला चुकीचा वाटावा असा नव्हताच.

मी अब्बांना समजावलं. टाकी उंचावर आहे, पण नळाला सुईएवढं भोक आहे, म्हणून धार नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो भोक बडा करो ना बेटा. टाकी चढाना मुश्किल काम था, वो तो हो गया." आणि ते पुन्हा यंत्राकडे वळले. मला हसू आलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. खरं तर आमच्या सगळ्या विषयाचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. काम करून दाखवणं तेवढं राहिलं होतं.

नाल्यापलीकडे शेवंतामायचं वावर. ती अब्बांच्या वयाची. दरवर्षी पहिल्या वेचणीतला ओंजळभर कापूस ती आमच्याकडे पाठवायची. कुणाच्या तरी बाळाच्या गादीत घालायला. मी जन्मले तेव्हा माझ्याही गादीत तो होता म्हणे. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तो पऱ्हाटीवर शिंपडायचा, तिला असाच पांढरा बहर यावा म्हणून. शेवंतामायचा हात चांगला मानला जायचा. आजूबाजूच्या वावरांतही सीतादहीला तिलाच बोलवत. घरात तिला फार कुणी विचारत नसे. मुलगा-सून आपल्या तंत्रानं चालत. वर्षातून ते काही दिवस मात्र ती पुढं आणि सगळ्या बाया मागं. नऊवारीचा काष्टा मारून, हातात परात घेऊन, ती दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून ताठ चालायची.

अब्बांनी तिला शब्द देऊन टाकला होता की यंदा सीतादहीला पोरगी काच घेऊन येईल. मी गेले. मोटर-बिटर काही चालणार नाही, फक्त मीटरवर आकडा दिसेल, हे आधी सांगूनच गेले. उन्हात पाट ठेवला, काच ठेवली, नाजूक मीटर जोडलं. आकडा चढायला लागला तसे सगळे वाकले. "आला, आला, व्होल्टेज आला!" कुणीतरी ओरडलं. बारा दिसले तेव्हा अब्बांनी इकडं तिकडं असं पाहिलं की जणू सूर्य त्यांनीच वर चढवला होता.

शेवंतामाय परात घेऊन पुढं आली. "हेही पहिलंच पीक हाये ना माय," ती मला म्हणाली. "याले कोरडं कसं ठेवू?" मी हात पुढं करेपर्यंत तिनं चिमूटभर दहीभात काचेवर ठेवला होता.

आकडा शून्यावर आला.

चांदीच्या दोन पट्ट्यांमध्ये दही पसरलं होतं, दुसरं काय होणार! लेपही सुटून आला. शेवंतामायचा हात तसाच अधांतरी.

"गेलं का वं?" तिनं विचारलं.

"माय, तुमच्यानं काही बिघडलं नाही," मी म्हटलं. "याच्यात मुळातच दम नाही. हे धड असतं तरी याच्यावर टॉर्चचा बल्ब लागला नसता. आकडा मोठा दिसते, पण वाहत काहीच नाही. मी दुसरी काच करीन."

शब्दन् शब्द खरा होता. पण त्या बायांच्या चेहऱ्यांवर जे उमटत गेलं ते पाहून मला घाम फुटला. "पाहा," एक जण दुसरीला म्हणाली, "किती मोठं मन हाये पोरीचं. एवढ्या वर्षांची मेहनत गेली, पण बुढीले एक शब्द बोलली नाई." अब्बा डोळे पुसत होते. मी पुन्हा सांगितलं, जरा चिडूनच सांगितलं. जितकं सांगावं तितकं माझं मन मोठं होत चाललं. शेवंतामायनं पदरानं काच पुसायला घेतली आणि पुसता पुसता ती रडायला लागली.

न केलेल्या थोरपणाची लाज निराळीच असते. चूक असली तर कबूल करता येते, माफी मागता येते, कुणी दोन शिव्या देऊन मोकळं करतं. इथं मला कुणी शिवी द्यायला तयार नव्हतं. बाजारात बाया मला वाट करून द्यायला लागल्या. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकायची. आणि तिकडं नाल्यापलीकडे पहिल्यांदा गंमत म्हणून सुरू झालं, "शेवंतामायच्या हातानं कॉलेजची लाइन गेली." मग त्या साली कापसाचं तंत्र बिघडलं. बोंडात अळी निघाली, माल आखूड आला, भाव पडला. जिकडं तिकडं माणसं कशाला तरी बोट लावू पाहत होती. गमतीतली गंमत निघून गेली.

अब्बांनीच एका रविवारी गादीला टाके घालता घालता सांगितलं, "तिच्या धाकट्या जावेच्या वावरात वेचणी उशिरा हाये यंदा. सीतादहीले बुढीले बोलावणार नाई म्हणतात." त्यांनी दातानं दोरा तोडला. "बुढी स्वतःच म्हणते, माह्या हाती देऊ नका काही."

मी भट्टीकडे परत गेले. सर म्हणाले, नव्या तुकड्यावर नवी मापं घेऊ, शोधनिबंधाला उपयोग होईल. मी हो म्हटलं आणि एक तुकडा बाजूला ठेवला. यवतमाळच्या एका दुकानातून खेळण्यातला पंखा आणि हाताच्या पंजाएवढी साधी सौरपाटी आणली. आजही वर्गात फोटोव्होल्टाइक परिणाम शिकवताना मी फळ्यावर एकीकडे व्होल्टेज लिहिते, दुसरीकडे करंट, आणि मुलांना बजावते की शक्ती दोन्हींच्या गुणाकारात आहे, एक शून्याजवळ असेल तर दुसऱ्याचं कौतुक करू नका. मुलं उतरवून घेतात. मला त्या वेळी धाकट्या जावेचं वावर दिसत असतं आणि मी फळ्याकडे तोंड करून थोडा जास्त वेळ उभी राहते.

अब्बांना म्हटलं, सीतादहीच्या दिवशी पुन्हा काच दाखवायची आहे. ते ईदचा पांढरा कुर्ता आणि जाळीची टोपी घालून तयार. अत्तरही लावलेलं. मी काय दाखवणार ते त्यांनी विचारलं नाही.

वावरात बाया जमलेल्या. परात धाकट्या जावेच्या हातात होती आणि शेवंतामाय दूर, धुऱ्यावरच्या पळसाखाली बसलेली. मी तिला हात धरून आणलं. ती येत नव्हती. "माय, पाहायला तं या," म्हटलं, तेव्हा आली, पण दोन्ही हात पदरात गुंडाळून.

आधी बाजारातली पाटी मीटरला लावली. सहा व्होल्टही भरले नाहीत. पंख्याला लावली, तर पंखा भर्रकन फिरला. बाया हसल्या. मग माझी काच. कोरी, स्वच्छ, कुणाचं बोट न लागलेली. मीटर लावलं. बारा. अब्बा लोकांकडे वळून म्हणाले, "पाहून घ्या, पुन्हा बारा!" मी मीटर काढलं आणि त्याच तारा पंख्याला जोडल्या.

पंखा हलला नाही.

मी पंख्याच्या पात्याला बोटानं धक्का दिला, म्हणजे सुरुवातीचा अडसर नको. पातं अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. मागं कुणीतरी खाकरलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि काचेवरचं ऊन गेलं. वर पाहिलं. अब्बा पाटाच्या पुढं येऊन उभे होते, सूर्याकडे पाठ करून, कुर्त्याचे हात जरा पसरून.

"सावली पडून राह्यली ना," ते मोठ्यानं म्हणाले. "सावलीत कसा फिरन? ढग आलं वाटते."

आकाशात ढग नव्हता. त्यांना ते दिसत होतं, बायांनाही दिसत होतं. पण सगळ्यांनी तो ढग मान्य करायची तयारी केली होती. शेवंतामायनंसुद्धा. तिनंच मान हलवली आणि म्हणाली, "हाव, सावली आली." स्वतःच्या हातावरचा आळ तसाच ठेवून ती मला वाचवायला निघाली होती.

"अब्बा," मी म्हटलं, "बाजूले व्हा."

त्यांना ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मला पुन्हा म्हणावं लागलं, सगळ्यांसमोर, वर्गात मागच्या बाकावरच्याला म्हणते त्या आवाजात. "अब्बा, सरका. ऊन येऊ द्या."

ते सरकले. ऊन पुन्हा काचेवर आलं, लख्ख. पंखा हलला नाही. मी बायांना तो पुरेसा वेळ पाहू दिला. मग शेवंतामायकडे वळून सांगितलं की पहिल्या दिवशीही हे असंच होतं, दह्याच्या आधीपासून.

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे याच्यात काहीच नोहतं?"

"नाही," मी म्हटलं.

धाकट्या जावेनं परात शेवंतामायपुढं धरली. तिनं हात पदरातून काढायला वेळ लावला. आधी माझ्याकडे पाहिलं, रागानं म्हणा की कसं, मला अजून नक्की सांगता येत नाही; मग मूठ भरून पऱ्हाटीकडे गेली. बाया तिच्या मागं गेल्या. पाटाजवळ आम्ही दोघंच राहिलो. अब्बांनी वाकून पंखा उचलला, तारा नीट गुंडाळल्या, सगळं माझ्या पिशवीत ठेवलं. टोपी काढून घडी करून खिशात घातली.

रस्त्यावर माझ्या यवतमाळच्या बसची वाट पाहत उभे होतो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पहले बोल देती बेटा. ये कपडे नहीं पहनता मैं."